बाटली पामचा कोंब आणि माझी धाकटी

मी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, शिवणकामावर पोट भरलेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन आहे म्हणून तो परवाच घेतला. हे लिहिते आहे ते मात्र काल सकाळी जे घडले त्यामुळे.

१. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात "धाकट्या बहिणीस सुईदोराही देऊ नये" असे वाक्य होते. वकील नको म्हणत असताना मी ते हट्टाने घातले होते.

२. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या व बटणांचा डबा समोरच्या शिंपीणबाईंस. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. त्यांना ती खोड आहे.

३. लांब चोचीची झारी कोणासही देऊ नये. ठोकून चपटी करावी आणि भंगारात घालावी.

४. झारीचे कारण. एकवीस वर्षांपूर्वी गॅलरीत माझा एक बाटली पाम होता. बुंधा फुगीर, वर चार-पाचच पाने. मी त्याला रोज डोक्यावरून न्हाऊ घालत असे आणि चारचौघांत त्याची फुशारकी मारत असे. एके दिवशी दुकानातून आले, तर धाकटी झाडापाशी उभी आणि तिच्या हातात मधला न उघडलेला कोंब. पामला वाढायला तेवढी एकच जागा असते. ती रडत म्हणाली, "ताई, मी नुसता हात लावला गं."

"हात लावून कोंब निघतो होय? ओढलास तू! माझं काही चांगलं झालेलं तुला बघवतच नाही."

झाड वाळले. त्याच महिन्यात तिने बॅग भरली. मी दारापर्यंतही गेले नाही.

काल माझ्या दुसऱ्या पामच्या कोंबावरची धूळ पुसायला दोन बोटे लावली, तर अख्खा कोंब सुळकन हातात आला. टोक तपकिरी, लिबलिबीत, कुजका वास. घरात दुसरे माणूस नाही. नर्सरीवाल्याला बोलावले आणि दारातच ओरडले, "अहो, मी नुसता हात लावला!"

तोंड माझे, शब्द धाकटीचे.

त्याने कोंबाचा वास घेतला. "शेंड्यात पाणी घालता?"

"रोज. झारीने."

"बाई, पाणी बुंध्याशी घालायचं. शेंड्यात साचलं की आतून कुजतं. हा कधीचाच गेला होता. कोणीही हात लावला असता तरी निघाला असता."

एकवीस वर्षे मी त्या पोरीला खुनी ठरवले, आणि खून मी केला होता, रोज, झारीभर.

५. राहते घर, बँकेतील ठेव व गॅलरीतील पाम धाकट्या बहिणीस. नर्सरीवाल्याने शेंड्यात औषध घातले आहे. नवा कोंब फुटेलच असे तो म्हणत नाही.

६. ~~माझ्या मृत्यूनंतर तिला कलम चार वाचून दाखवावे व माझ्या वतीने माफी मागावी.~~

खोडल्याचा खुलासा: सहीपूर्वी वाचून दाखवताना साक्षीदार म्हणून आलेला नर्सरीवाला म्हणाला, "हे मेल्यावर कशाला? फोन नाही का तुमच्याकडे?" नंबर पाठ होता. साक्षीदारांसमक्ष लावला. तिने "हॅलो" म्हटल्यावर मला धड काही सुचेना. एवढेच म्हणाले, "कोंब हातात आला गं. मी नुसता हात लावला."

पलीकडून धाकटी म्हणाली, "कुजका वास आला?"

"हो."

"तेव्हाही येत होता, ताई."

यापुढे माझ्याच्याने लिहवत नाही. सही करते.

ठिकाण: गॅलरी, कुंडीशेजारी
दिनांक: अकरा ऑगस्ट
लिहून ठेवणार: (सही) ताई

आमच्यासमक्ष सही केली. मन ठिकाणावर होते.
साक्षीदार १: (सही) नर्सरीवाला
साक्षीदार २: (सही) खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई. फोन अजून चालू आहे.