धाकट्या भावाच्या कमरेचे माप

मी, हंबीरराव बिन आप्पाजीराव, वय वर्षे एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार नगरथपेट, बेंगळूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. रक्तदाब चढलेला आहे, लघवीत साखर आहे, रक्तात कोलेस्टेरॉल आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे, असे डॉक्टर त्रिविक्रम यांनी तपासून सांगितले आहे. दाब, साखर आणि कोलेस्टेरॉल हे तिघे मिळून हृदयाच्या नळ्या अरुंद करतात, असेही ते म्हणाले.

१. राहते घर पत्नी अंबुबाई हिला. चार वर्षे तिने मला डाळीचे अळणी सारू आणि नाचणीचे रागीमुद्दे वाढले, त्याबद्दल उपकार. त्याच पंगतीत माझा धाकटा भाऊ विश्वासराव याच्या पुरणाच्या होळिगेवर तुपाची धार धरली, त्याबद्दल राग. दोन्ही खरे आहे.

२. शिवणयंत्र व कात्र्या मुलगी कावेरी हिला. जावयाने त्यांना हात लावू नये. त्याला साधे काज करता येत नाही.

३. विश्वासरावाचा मला हेवा वाटतो, हे लिहून ठेवतो. तो म्हणतो, "वहिनी, अजून स्वल्प तूप!" आणि ही अशी हसते, की माझ्यासाठी कधी हसली नाही.

गेल्या दसऱ्याला त्याच्या पाटलोणीचे माप घेतले. कमर चौतिसाची बेचाळीस झाली होती. घोट्याला टेप लावली तर कातडीत खळगा पडला, तो भरून येईना. दुकानाच्या अकरा पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला होता, आणि आल्या आल्या तांब्याभर पाणी प्याला होता. डॉक्टरांनी माझी म्हणून जी लक्षणे सांगितली, तीच ही. मी कमरेत दोन इंच जास्त सोडले, पायांची मोहरी सैल केली आणि गप्प बसलो. पाटलोण कुठेच आवळली नाही, म्हणून त्यालाही काही कळले नाही. मनात म्हटले, खा आता तूप.

परवा जेवता जेवता त्याने छाती चोळली. म्हणाला, "काही नाही अण्णा, वायू धरलाय." मी पानावरून उठून वकील गाठला.

४. विश्वासरावाला मी काहीही ठेवत नाही. ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये, असे वकील म्हणतात, आणि साक्षीला मला तोच हवा आहे. मी गेल्यावर त्याने हे वाचून काय उपयोग? त्याने सहीआधी हा कागद मोठ्याने वाचावा, आणि डॉक्टरांनी तिथेच त्याचा दाब मोजावा.

विश्वास, जन्मभर सगळे आधी तुझ्या पानात पडले. मरणात तरी माझा नंबर घेऊ नकोस. तेवढे मला सोसणार नाही.

बेंगळूर, ता. ९ जून १९६३
सही: हंबीरराव

साक्षीदार:
डॉ. त्रिविक्रम. समक्ष सही केली. विश्वासरावांचा दाब मोजला: २१०/१२०.
विश्वासराव बिन आप्पाजीराव. वाचून सही केली. दसऱ्यापासून आठ महिने, अण्णा?