सर, तुमचा फोटो फार जड होता

सर, परवा मी तुम्हाला बारीक केलं. म्हणजे तुमच्या फोटोला. आपल्या छापखान्याच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर तो तुमचा फेटा बांधलेला फोटो आहे ना, सत्काराच्या दिवशीचा, त्यावर मी एका फुकटच्या साधनाने अशी कात्री चालवली की तुम्ही असतात तर मला दारातूनच परत पाठवलं असतंत. तुम्ही नाही म्हणून तर जमलं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. राग आठवायला मात्र थांबावं लागत नाही. तो लोणच्यासारखा मुरलाय, झाकण नुसतं सैल केलं तरी घरभर वास. आणि बघा, अजूनही ‘आपला छापखाना’ म्हणते मी. सवय, दुसरं काय.

रविवार कारंजाच्या मागच्या बोळातली आपली ती खोली. लग्नपत्रिकांचे नमुने दोरीवर वाळत घातल्यासारखे टांगलेले, शाईचा वास आणि बाहेरच्या भजीवाल्याच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलेला. मी देवळ्याहून लग्न होऊन आलेली, वाचायची आवड म्हणून तुमच्याकडे प्रूफं वाचायला लागलेली. तुमचं टेबल खोलीच्या टोकाला. तुम्ही भिंतीला पाठ लावून बसता आणि तो डब्यासारखा मॉनिटर आमच्याकडे पाठ करून बसतो. मी समोर स्टुलावर, मांडीवर कागद. गिऱ्हाइकाने चुकून टेबलाला वळसा घातलाच, तर तुमचा हात आधी टॉवेलकडे जातो. पडद्यावर टॉवेल पडतो, नव्या नवरीचं तोंड झाकावं तसा, आणि मग तुम्ही म्हणता, “हां, बोला.” अक्षर कसं फुगवायचं, वेलबुट्टी कशी वळवायची, गणपती मधोमध कसा बसवायचा, यातलं काहीही कुणाच्या नजरेला पडता कामा नये. मी एकदा विचारलं तर म्हणालात, “बाई, स्वयंपाकघरात गिऱ्हाइकाला नेतात का?” मी गिऱ्हाईक नव्हते, सर.

तुम्हाला एक गोष्ट मात्र कळली नव्हती. तुमच्या डोक्यामागे, भिंतीवर, सप्तशृंगीचा मोठा फोटो होता, काचेचा. दुपारी बोळात सावली आली की त्या काचेत तुमचा अख्खा पडदा दिसायचा. उलटा, डावीकडचं उजवीकडे, पण सगळा. मी प्रूफावरून मान वर करायची, लोकांना वाटायचं बाई देवीला नमस्कार करतेय. बाई तुमचा हात बघत असायची. कुठल्या कळीने ओळ सरकते, कुठे दाबलं की ठळक होतं, सगळं उलटं पाहायचं आणि घरी पोळ्या लाटताना मनात सुलटं करायचं. परातीतल्या पिठावर बोटाने तुमचा पडदा काढून बघितलाय मी. नवरा म्हणायचा, पोळीला नकाशा कशाला? अशी शिकले मी. तुमच्या समोर बसून, तुमच्या पाठीमागून.

मग ती लग्नतिथीची गर्दी. तुम्ही कागद आणायला गेलेले आणि विंचूरचे ते कांद्याचे व्यापारी पत्रिकेचा नमुना फडकवत आत आले. नवरीच्या धाकट्या मामाचं नावच राहिलेलं. “बाई, मामा हाय हो तो! लय तापट माणूस. मांडवातून उठून जाईल, नायतर मला उठवील.” घामाने डबडबलेला माणूस. मी आधी थांबा म्हणाले, मग त्यांच्याकडे बघितलं, मग उठले. टॉवेल बाजूला केला आणि तुमच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच सुलटा पडदा बघत होते, डोकं गरगरलं. पण मामाला मी मोठ्या मामाशेजारी नीट बसवलं, ओळ सारखी केली, छापून हातात दिलं. ते म्हणाले, “लय भारी काम केलं, बाई. तुमच्या सरांनी चांगलं तयार केलंय तुम्हाला.” आणि दारात तुम्ही.

“कुणी शिकवलं?” तुम्ही विचारलंत. माझी मान आपोआप मागे वळली, देवीकडे. तुम्ही काचेकडे बघितलंत, मग पडद्याकडे. दुसऱ्या दिवशी मी आले तर देवी दाराशेजारच्या भिंतीवर. जुन्या जागी नुसता खिळा आणि चुन्याचा पांढरा चौकोन. विंचूरकर गठ्ठा न्यायला आले, तेव्हा त्यांच्यासमोर म्हणालात, “बाई, मी तुम्हाला पगार डोळ्यांचा देतो, हातांचा नाही.” ते बिचारे चपलेकडे बघायला लागले. मी स्टुलावर बसले आणि पुढची कितीतरी वर्षं तिथेच बसून राहिले, कारण घर चालवायचं होतं. त्या दिवाळीला तुम्ही मला भिंग दिलंत, पितळी मुठीचं, सुरेख. “डोळे जपा,” म्हणालात. ते भिंग मी कधी मोडलं नाही आणि कधी विसरलेही नाही. एका बाईसाठी देवीला जागा बदलायला लावली तुम्ही. एवढी भीती मला तुमची कधी वाटली नव्हती, सर, जेवढी त्या दिवशी तुम्हाला माझी वाटली.

तर माझा सूड ऐका. तो मी दर गुरुवारी घेते, पंचवटीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, सतरंजीवर बसून. माझ्यासारख्याच गुडघे धरून बसणाऱ्या बायका येतात, दोन-चार पुरुषही. तुम्ही टॉवेलखाली जे जे झाकायचात, ते आज इंटरनेटवर उघड्यावर पडलंय, फुकट. मी ते ओंजळीने वाटते. अर्जाला फोटो लहान करून हवा? ही साइट, इथे टाक, पट्टी सरकव, उतरवून घे. चार कागदांची एक फाइल करायची? ही दुसरी. जुन्या फॉन्टमधली पत्रिका फोनवर उघडली की नुसता इंग्रजी कचरा दिसतो, तो मजकूर एका खिडकीत टाकायचा, दुसऱ्या खिडकीतून छान मराठी बाहेर येतं. पापडवाल्या ताईंना मी ठिपक्यांचा चौकोन करून दिला, तो स्कॅन केला की त्यांची यादी उघडते. त्यांनी तो आधी उंबऱ्यावर चिकटवला होता, रांगोळीसारखा. लॉटरी लागल्याची लिंक आली की उघडायची नाही, तपासणाऱ्या साइटवर आधी चिकटवायची. आणि एक गोष्ट मी सगळ्यात आधी बजावते, “फुकट आहे म्हणून आधार कार्ड कुठेही चढवायचं नाही. फुकटच्या पंगतीतही आपलं ताट आपण सांभाळायचं.” फोन मी सगळ्यांच्या मध्ये ठेवते, चुलीसारखा, म्हणजे ज्याला त्याला दिसेल. दर वेळी कुणी म्हणालं “अय्या, एवढंच होतं?” की मला तुमचा टॉवेल घसरताना दिसतो. गोड लागतं, सर. खोटं कशाला बोलू.

गेल्या गुरुवारी तुमचा मुलगा आला. केस पिकलेत त्याचे. मागे भिंतीला टेकून उभा, तर पापडवाल्या ताई म्हणाल्या, “नवीन विद्यार्थी का? मग चपला बाहेर आणि मांडी घाला.” बसला बिचारा. संपल्यावर म्हणाला, “मावशी, आपली साइट लोकांच्या फोनवर उघडतच नाही. नुसती गोल गोल फिरत बसते. हल्ली पत्रिका सगळे फोनवरच बघतात, उघडली नाही की पुढच्याकडे जातात. हा सीझन असाच गेला तर शटर ओढायचं, दुसरं काय.” मी हूं म्हणाले. मनात म्हणाले, फिरू दे की गोल गोल. तुमचा छापखाना माझ्या हातात होता, सर, त्याच हातांत, ज्यांचा पगार तुम्ही कधी दिला नाहीत. मी नुसतं ‘मला नाही कळत त्यातलं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते वाक्य जिभेवर आणूनही बघितलं.

पण दुसऱ्या दिवशी बोळात गेले. आत बघते तर माझ्या त्याच स्टुलावर तुमची सूनबाई, मांडीवर प्रूफ. मॉनिटर आता पाटीसारखा पातळ झालाय, पण पाठ आमच्याकडेच. टॉवेलसुद्धा आहे हो, नवा, निळा. मुलगा खुर्चीत बसत म्हणाला, “मावशी, तुम्ही तिथून सांगा, मी इथे टाइप करतो.”

“मग मी निघते,” मी म्हणाले.

“अहो, अप्पांची पद्धत आहे ती. गिऱ्हाईक बघून शिकून जाईल.”

“जाऊ दे की. लग्न काय रोज करणार आहे तो?”

सूनबाई खाली मान घालून हसली. मग मी माझी अट सांगितली. “अप्पांनी माझ्यापायी देवी हलवली. तू टेबल हलव. पडद्याचं तोंड खोलीकडे, देवी परत तिच्या खिळ्यावर, आणि खुर्चीत ही बसेल. जमत असेल तर हात लावते.” तो आमच्या दोघींकडे बघत राहिला. मग सूनबाईच उठली, टेबलाचं एक टोक धरून म्हणाली, “अहो, धरा ना तिकडून.” फरशीवर पाय कर्रर्र करत तुमचं टेबल फिरलं, सर. तो आवाज मी कानात भरून घेतला.

देवी खिळ्यावर गेली, मग तिलाच खुर्चीत बसवून सांगितलं, साइटचा वेग मोजणारी एक फुकट साइट असते, तिथे आपला पत्ता टाक. टाकला. लाल वर्तुळ आलं, आणि खाली कारण. नमुने, वेलबुट्ट्या, फोन नंबर, कशाचाच काही दोष नाही. एकच फोटो एवढा अवजड, की बाकी सगळी साइट त्याच्यामागे खोळंबून उभी. तुम्ही, सर. जिवंतपणी पडदा अडवून बसलात आणि मेल्यावर उंबरा. मुलाने मोठ्या मशीनवर स्कॅन करून तसाच चढवला होता, तेवढाच्या तेवढा, कारण अप्पांचा फोटो लहान कसा करायचा!

लहान करायची साइट उघडली. सूनबाईच्या हातात माऊस, मी मागे उभी. “सरकव पट्टी. अजून.” “मावशी, फेट्याची किनार गेली.” “जाऊ दे. अजून.” “मिशी गालाला चिकटली.” “अजून.” तुमचा चेहरा चौकोना-चौकोनांचा व्हायला लागला, गोधडीसारखा. मला हसू आवरेना. दारात पेढ्यांची पुडी घेऊन एक गिऱ्हाईक उभं होतं, तेही बघत होतं, कुणी त्याला अडवलं नाही. शेवटी मुलगा हळूच म्हणाला, “मावशी, आता अप्पा ओळखू येत नाहीत हो.” त्याच्याकडे बघितलं, तर मला वाटलं होतं त्यापेक्षा तो कितीतरी लहान दिसत होता. मी सूनबाईला म्हणाले, “थोडी मागे घे. अजून थोडी. चष्मा दिसला की थांब.” चष्मा दिसला. थांबलो. तोच चढवला, आणि साइट फोनवर अशी उघडली, जशी खिट्टी काढल्यावर खिडकी उघडते. आता पहिल्या पानाच्या तळाशी आहात तुम्ही, पोस्टाच्या तिकिटाएवढे. वर पत्रिका.

हे सगळं मी फोनशी बोलतेय आणि तो लिहून घेतोय, तेही फुकट. हात लागतच नाहीत आता. पाठवणार नाही. छापखान्याचा मेल आहे, पण तो हल्ली सूनबाई उघडते, आणि तिला मी खुर्चीत बसवलंय ते माझा राग वाचायला नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. तुमचा मूळ फोटो, तो अवजड, फेट्याच्या जरीचा धागान्‌धागा दिसणारा, मी निघताना माझ्या फोनवर घेतला. फोन सारखा कुरकुरतो, जागा भरली, काहीतरी पुसा. मी दुसरंच काहीतरी पुसते.