दारात अडलेला थोरला

४ मार्च
दादा दिवसभरात तीन वाक्यं बोलला. "ब्रश धू." "दार लाव." "तसं नाही." चौदा महिन्यांनी घरी आलोय मी!

बाबांचं दुसरंच टोक. जेवताना समोर बसून माझ्या ताटाकडे बघत राहतात. आई गेल्यापासून स्वयंपाक दादा करतो. त्याच्या ताटाकडे कुणी बघत नाही. हे त्याला कळतं, मलाही कळतं. मी मुद्दाम आणखी वाढून घेतो.

५ मार्च
आमच्या फ्रेमच्या दुकानात एक मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या आजोबांकडून आलेलं चित्र घेऊन – तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, दीडशे वर्षांचं. काच तडकलेली, कागद मळलेला. साफ करून नव्या फ्रेममध्ये हवंय.

बायबलमधली गोष्ट आहे म्हणे. धाकटा आपला हिस्सा घेऊन घर सोडतो, सगळं उधळतो, फाटक्या अंगानं परततो. म्हातारा बाप धावत जाऊन मिठी मारतो. मेजवानी! थोरला शेतातून येतो, सगळं ऐकतो आणि दारातच अडतो. आत जात नाही.

बाबा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "आमच्या धाकट्याचीच गोष्ट की ही!" दादा काच कापत होता. काच वाकडी गेली. त्याची काच वाकडी गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

६ मार्च
खिळे आणायला गेलो. वाटेत एक पेंटर शिडीवर चढून पाटी रंगवत होता. अक्षराच्या पोटात रंग भरताना तो श्वास रोखतो! तासभर बघत बसलो. परत आलो तर दादा म्हणाला, "आलास? मी आणखी चौदा महिने धरून चाललो होतो."

खिळे विसरलो होतो.

७ मार्च
चित्र भिंगाखाली धरलं. मिठी, म्हाताऱ्याची बोटं, कुत्रासुद्धा केस न् केस कोरलाय. थोरला तेवढा चार रेघांचा. आधी मला दाराची सावलीच वाटली. मी म्हटलं, कोरणाऱ्याला थोरल्याचा कंटाळा आला असणार. दादा हसला नाही.

बाबांनी सफाईचं काम मला दिलं. "त्याचा हात हलका आहे." हलका कसला! चौदा महिने पोती उचलत होतो.

८ मार्च
आमच्याकडे मापं चित्राच्या कडेलाच पेन्सिलनं लिहितात आणि फ्रेम चढवण्याआधी पुसतात. ते पुसायचं काम लहानपणापासून माझं. आज खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचं फिकट गिरबटलेलं दिसलं. पुसलं. चकाचक!

दादा समोर लाकूड घासत होता. हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

९ मार्च
ती चित्रकाराची सही होती. स्वतःच्या हातची.

बाई ओरडल्या नाहीत. कोपऱ्यावर बोट ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. बाबा वळले – दादाकडे! "तू कुठे होतास? त्याची सवय गेलीय, तुला कळायला नको?"

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

१० मार्च
दादाला गाठलं. तू बघत होतास, म्हटलं, थांबवलं का नाहीस? त्यानं फळी खाली ठेवली. "एकदा तरी बाबांच्या डोळ्यांदेखत तुझी चूक व्हावी, म्हणून." मग म्हणाला, "झाली. आणि बघ, तीही माझीच निघाली."

मी त्याला नीच म्हटलं. त्यानं मला आणखी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. अर्धं खरं होतं.

११ मार्च
काही नाही. तिघं जेवलो, तीन दिशांना तोंड करून.

१२ मार्च
दादाचा कपाटातला खण रिकामा. काच कापायचा हिरा मात्र माझ्या उशाशी ठेवून गेलाय, पुसून.

स्वयंपाक मी केला. करपला. तरी दोन ताटं वाढली. बाबा सकाळपासून दारात उभे आहेत. आत या म्हटलं, येत नाहीत.