हिंडली स्ट्रीटवरच्या नजरा

सोमवार, ५ जून १९५०. ॲडलेड.

शनिवारी आले, रविवारी खोली लावली आणि आज कामावर रुजूसुद्धा झाले! नॉरवुडमध्ये हॅनाफर्ड बाईंकडे जागा मिळाली आहे. खिडकीतून ट्राम दिसते. दारामागे पाटी आहे की आंघोळीचं गरम पाणी फक्त बुधवारी आणि शनिवारी. बाई विधवा, लठ्ठ आणि बोलघेवड्या. मला पाहताच म्हणाल्या, “मूंटाची ना तू, पास्टीच्या गावची? मग माझ्या पास्टीला नावं ठेवशील, आधीच सांगते.” मी ठेवली नाहीत. सारणात सलगम जरा जास्त झालं होतं, एवढंच.

मूंटात औषधांच्या दुकानात सहा वर्षं लोकांच्या फोटोंची रिळं धुतली. त्या गावात मी व्हेरा कधी नव्हतेच, पेनहॉलांची धाकटी होते. आईला एकटं सोडून यायला जड गेलं, पण इथे मला कोणी ओळखत नाही, आणि त्यामुळे मला इतकं हलकं वाटतंय की चालताना पाय आपोआप भराभर पडतात.

शिर्मर साहेबांचा स्टुडिओ हिंडली स्ट्रीटवर, पहिल्या मजल्यावर आहे. पण माझं काम खाली फुटपाथवर. चालत्या माणसाचा फोटो काढायचा, त्याच्या हातात नंबराची चिठ्ठी द्यायची. हवा असेल तर तो दुसऱ्या दिवशी वर येऊन आपला फोटो घेऊन जातो. कॅमेरा म्हणजे सिनेमाचा जुना कॅमेरा, एकेक चित्र काढण्यासाठी बदलून घेतलेला. एका रिळात शेकडो माणसं मावतात. तो पोटाशी धरायचा, डोळ्याला लावायचा नाही. डोळ्याला लावला की माणूस लगेच ताठ होतो. भिंगाचं अंतर आठ फुटांवर पक्कं केलेलं आहे. म्हणून आठ फुटांवरची एक फरशी मनात धरायची आणि माणसाचा पाय तिच्यावर पडला की कळ दाबायची.

साहेब म्हणाले, “मिस पेनहॉल, स्टुडिओत माणूस चांगला कोट घालून बसतो, आणि फोटो येतो त्या कोटाचा. आपण मंगळवारचा माणूस टिपतो. आपण मंगळवारी कसे दिसतो हे कुणालाच ठाऊक नसतं.”

गुरुवार, ८ जून

हात बसला. आज चारशेच्या वर फोटो काढले. कोपऱ्यावर एम्ब्रोज म्हणून आंधळा पेपरवाला बसतो. पहिल्या महायुद्धात त्याचे डोळे गेले. बुटांच्या आवाजावरून तो माणसं ओळखतो. मला म्हणाला, “तुझी डाव्या बुटाची टाच झिजली आहे, पोरी.” पाहिलं, तर खरंच झिजली होती.

दुपारी काळ्या टोपीतली एक बाई वर आली. तिचा नवरा मेच्या शेवटी गेला, आणि त्याच्या कोटाच्या खिशात आमची चिठ्ठी निघाली. डार्करूम सांभाळणाऱ्या क्लॅरीने निगेटिव्ह शोधून काढली. फोटोत तो माणूस शिंकायच्या बेतात होता, तोंड वाकडं झालेलं. बाई हसायला लागली आणि मग तिथल्या बाकावर बसून रडली. “हा तोच आहे,” म्हणाली, “लग्नाच्या फोटोतला कोण होता कुणास ठाऊक.”

हे काम मी आयुष्यभर करीन.

बुधवार, १४ जून

क्लॅरीने आज डार्करूममधून हाक मारली. वयस्कर, सडपातळ माणूस. बोटं रसायनांनी तपकिरी झालेली, बोलणं तिरकं. त्याने विचारलं, तू उभी राहतेस तिथे मागे काय आहे? मी म्हटलं, टोप्यांचं दुकान. “मग टोप्या फारच सुंदर असणार,” तो म्हणाला, “कारण तुझ्याकडे एकही माणूस बघत नाही.”

रिळाच्या पट्ट्या उजेडावर धरून पाहिल्या. खरंच. सगळे माझ्या डाव्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघताहेत. काळजीचं काही नाही. उद्या समोरच्या फुटपाथवर उभी राहीन.

सोमवार, १९ जून

समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. मग बँकेच्या भिंतीला पाठ लावून. मग किंग विल्यम स्ट्रीटला, पोस्टाच्या पायऱ्यांपाशी. एका जागी अर्धा ताससुद्धा थांबले नाही. सगळीकडे तेच.

मला उभ्या जागी हे दिसत नाही, हेच मला खुपतंय. लोक येतात, माझ्याकडे किंवा आपल्या वाटेकडे बघतात, चिठ्ठी घेतात, जातात. दोघा-तिघांना थांबवून विचारलं, मघाशी तुम्ही माझ्या मागे काय पाहिलंत? एक बाई भडकून म्हणाली, “मागे? मी तर पुढेसुद्धा बघत नव्हते, बाई, माझी ट्राम चुकतेय.”

क्लॅरी म्हणतो, नजर क्षणाच्या शंभराव्या भागात जाते आणि परत येते, बघणाऱ्याला स्वतःलाही पत्ता लागत नाही. कॅमेरा असतो तो त्याचसाठी.

त्याने माझा कॅमेरा घेतला आणि माझ्याच जागी उभं राहून एक रीळ काढलं. त्यात सगळे सरळ बघताहेत. मग मी त्याचा कॅमेरा घेऊन काढलं.

दोष कॅमेऱ्याचा नाही.

बुधवार, २१ जून

क्लॅरीने पंधरा दिवसांच्या पट्ट्या ओळीने लावल्या आणि पट्टी-पेन्सिल घेऊन नजरांच्या रेषा काढल्या. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, “मोजल्याशिवाय मला झोप यायची नाही.” त्याची चेष्टा करायची सवय कुठे गेली?

पाच तारखेच्या नजरा माझ्या मागे वीस-एक पावलांवर मिळतात. चौदाच्या, आठ पावलांवर. कालच्या, दोन.

आणि उंची. साधारण माझ्याइतकीच.

शुक्रवार, २३ जून

आज चेहरे पाहिले, नुसते डोळे नाहीत. एका म्हाताऱ्या गृहस्थाने टोपी उचलली आहे. पण मला नाही, माझ्या शेजारी. दोन बायका बाजूला सरून वाट देताहेत, एका माणसाला लागते तिच्या दुप्पट. कोणीही घाबरलेलं नाही. ते घाबरलेले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी दिवसभर मागे वळून बघते. भिंत. टोप्या. ऊन. माझी सावली एकच आहे, मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

शिर्मर साहेब म्हणाले, मिस पेनहॉल, तुमचे फोटो कोणी घ्यायला येत नाही. दोन दिवस घरी बसा. घरी कसली बसतेय? बसलं की पाठ उघडी पडल्यासारखं वाटतं. चालत राहते. नॉरवुडपासून चालत, परत चालत.

शनिवार, २४ जून

सकाळी एम्ब्रोजचा फोटो काढला. मनात म्हटलं, याला तरी दिसत नाही, याचे डोळे तरी इकडेतिकडे जाणार नाहीत. एकच फोटो काढला आणि त्याला सांगितलं.

तो हसला. म्हणाला, “तू काढलास, आता तुझ्या मैत्रिणीलाही काढू दे की. ती मुकी आहे का गं?”

मी विचारलं, कोण मैत्रीण.

“तुझ्याबरोबर असते ती. आधी बरीच मागे असायची, मला वाटलं भांडलाय की काय. आता बरोबरीने चालता. एकदाही सकाळी गुड मॉर्निंग नाही की काही नाही. शिकवलं नाही का तिला घरच्यांनी?”

मी म्हटलं, एम्ब्रोज, मी एकटी आहे.

त्याने मान तिरकी करून कान दिला. मग पेपरांचा गठ्ठा उचलला, छातीशी धरला आणि म्हणाला, “पोरी, आता तू इथून जा. रागावू नकोस. पण जा.”

सोमवार, २६ जून

एम्ब्रोजचा फोटो धुऊन आला. त्याचे ते पांढरे डोळे. तेही तिकडेच —

क्लॅरीने माझ्या हातून तो काढून घेतला. म्हणाला, आता एकच करायचं राहिलंय. तू चालत ये, मी काढतो. इतरांसारखीच तू.

दुपारी बाराला, लख्ख उन्हात. मी बँकेपासून निघाले. सरळ कॅमेऱ्याकडे बघत आले. डोळे मिटले नाहीत, हसले नाही, हात कोटाच्या खिशांत. मुद्दाम खिशांत. हे मला नीट आठवतं आणि म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

मंगळवार, २७ जून

क्लॅरी फोटो दाखवायला तयार नव्हता. मी ओढून घेतला.

फुटपाथवर मी एकटीच. पण माझी मान डावीकडे वळलेली. मी हसते आहे. तोंड उघडं, काहीतरी सांगते आहे, जिवलग माणसाला सांगावं तसं. डावा हात खिशात नाही. कोपरात वाकलेला, कुणाच्या तरी हातात घातलेला. आणि कोटाची बाही तिथे दबली आहे. कापडाला चार सुरकुत्या. बोटांइतक्या.

मी इतकी खूश कधीच दिसले नाही. आईजवळसुद्धा नाही.

मंगळवारचा माणूस, साहेब म्हणाले होते. पण ही मी नाही — की हीच मी —

क्लॅरीने निगेटिव्ह सिंकमध्ये जाळली. कॅमेरा मी टेबलावर ठेवला आणि परत उचलला नाही.

बुधवार, २८ जून

सकाळी हॅनाफर्ड बाईंनी चहा मांडला. तीन कप. बाई, मी — आणि तिसरा माझ्या डावीकडे. त्यात दूधही ओतलं. मग थबकल्या, कपाकडे बघत राहिल्या. “हे काय केलं मी? वय झालं बघ.” मी विचारलं, बाई, तुम्हाला कोण दिसलं? त्या म्हणाल्या, कुणी नाही गं, कोण दिसणार. आणि हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

आता फोटोची गरज उरलेली नाही तर.

ट्रंक भरली. उद्या मूंटा.

गुरुवार, २९ जून. गाडीत.

क्लॅरी स्टेशनवर सोडायला आला. ट्रंक त्यानेच उचलली. सबंध वाट माझ्या उजव्या बाजूने चालला. जिन्यावर उजवीकडे जागा नव्हती, तर मागे थांबला. निरोपाला हात हलवला — एकदा. मग जरा थांबून, नाइलाजाने, पुन्हा एकदा.

डब्यात गर्दी आहे. बाहेर उभी आहेत माणसं. माझ्या शेजारची जागा रिकामी, आणि कुणी बसत नाही. एक बाई आली, बसणार इतक्यात “माफ करा हं” म्हणाली आणि पुढे गेली. मला नाही म्हणाली.

लिहीत राहते. लिहिताना मान खाली राहते.

डाव्या कोपराला ऊब लागते आहे. जड नाही. सवयीचं वाटतं. हेच भयंकर, की सवयीचं —

आई दार उघडेल. उघडेल तेव्हा आधी कुणाकडे बघेल? माझ्याकडे बघून हसेल, की — आणि “या” म्हणेल का? एकदा ती या म्हणाली, की मग —

नाही. हिला आईकडे न्यायचं नाही. पुढच्या स्टेशनवर उतरायचं. कुठलंही असो. उतरून चालत सुटायचं, उलट्या दिशेला.

गाडी हळू होते आहे. उठले की झालं. पण हात सुटत नाही. डावा. मी ओढते आहे आणि तो —

गार्ड आला आहे. माझं तिकीट घेतलं, भोक पाडलं, दिलं. गेला नाही. हात पुढे करून उभा आहे, माझ्या शेजारी बघत. “आणि तुमचं, बाई?” म्हणाला.

वाट बघतो आहे.

आता चिमट्याचा आवाज झाला. कट्. त्याने ते दुसरं तिकीट परत दिलं, “मूंटाला आईकडे, वा,” म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. मी तोंडच उघडलं नव्हतं, बोललं ते —

मान वळते आहे. मी वळवत नाही, ती आपोआप — आणि मला हसू