कालचा भात

आप्पा, गेल्या महिन्यात माझी ओकारी थांबेना म्हणून भोरच्या डॉक्टरांनी मला पुण्याला तपासणीला पाठवलं. तिथं औषध मिसळलेली इडली खायला दिली आणि ती पोटातून कशी पुढं सरकते याचे थोड्या थोड्या वेळानं फोटो काढले. चार तासांनीही निम्मी इडली जागची हलली नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की जठराच्या नसा दुबळ्या होतात. अन्न पुढं ढकललंच जात नाही. घरात आणखी कुणाला होतं?" मी म्हटलं, वडिलांना असावं. खात्रीनं सांगता येईना. तुमची साखर तेवढी तपासली होती, पोट कुणी तपासलं नाही.

भोंगवलीला आत्याच्या मुलीचं लग्न. तुम्ही पासलीहून एसटीनं आलात, पंगतीत चार घास खाल्लेत आणि मांडवामागं जाऊन ओकलात. कुणीतरी हसतं, "सकाळीच घेतली वाटतं." मी विसाची, मला बघून गेलेले पाहुणे मांडवातच. तुमच्या दंडाला धरून मी बाजूला नेते. "आप्पा, लाज न्हाई का वाटत तुमाला?" तुम्ही उपरण्यानं तोंड पुसता. "म्या घेतली न्हाई गं. बघ की, कालचा भात हाय त्यो. तसाच्या तसा." मी बघितलं नाही. जवळ उभी होते, दारूचा वास येत नव्हता, हेही मनावर घेतलं नाही. माझं लग्न ठरलं, काही बिघडलं नाही. तुम्ही मात्र पुन्हा कुणाच्या पंगतीला बसला नाहीत, आणि दोन वर्षांत वाळत वाळत गेलात.

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलंय: दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, मऊ, कमी तेलाचं, जेवून आडवं पडायचं नाही, जरा चालायचं. वाचताना तुम्ही दिसलात. भात गुरगुट्या करून वाटीभरच खायचात आणि बांधावर फेऱ्या मारायचात. आई चिडायची, "जेवून मानूस टेकतं घडीभर, ह्ये कुठं निघालं?" कुणी न सांगता तुम्ही तेवढं शोधून काढलं होतं. मला जेवणाआधीची गोळीही मिळते. ओकारी थांबली आहे, साखर आटोक्यात आहे.

तुम्हाला लिहिलेला हा कागद कुणाला दाखवणार नाही. माझ्या मुलांना आजोबा दारूनं गेले एवढंच ठाऊक आहे. ते मीच सांगितलंय. तपासणीहून परतताना एसटीत थोरली शेजारीच होती. सांगायला भोरपर्यंतचा वेळ होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.