पाणमांजरामागं चालणारा बगळा

रविवार, माघ महिना. बोरी बुद्रुक.

पाय अजून चिखलाचेच आहेत, पण आधी हे लिहून ठेवते. आज कुकडीच्या काठी पाणमांजरं दिसली. आई आणि दोन पिल्लं! इतके हिवाळे नुसते वाळूतले ठसे बघून परत येत होते.

खरं नवल मात्र बगळ्याचं. आई पाण्यात जिकडे वळे, तिकडे हा काठाकाठानं चालायचा. घाबरत कसा नव्हता? मग कळलं, तिच्या धाकानं उथळात पळालेले मासे तो टिपत होता. मी फोटो त्याचेच काढत राहिले.

तेवढ्यात मेंढरं पाण्यावर आली. त्यांचा कुत्रा पिल्लांना बघून सुटलाच. मी कॅमेरा गवतात टाकला आणि त्याच्या गळ्यातला पट्टा धरला. मेंढरांमागच्या म्हाताऱ्या बाई धावत आल्या.

"लई द्वाड हाय. चावला न्हाई ना, पोरी?"

"नाही. पण तिकडे बघा, पाणमांजरं."

आईनं पिल्लांसकट बुडी मारली होती. बाई कुत्र्याला धरून माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. पलीकडच्या दगडापाशी तिन्ही डोकी वर आली, तशी त्यांनी माझी मूठ घट्ट धरली.

"इतकी वरसं मेंढरं हितं आणते, पन ह्ये कवा बघितलंच न्हाई."

बगळ्याचं अजून डोक्यातून जात नाही. त्याची ही सोबत पाणमांजराच्या आईला चालते, की तिचं लक्षच नसतं?

पिल्लांचा फोटो एकही नाही. कॅमेरा शेजारीच पडला होता, पण बाईंच्या हातातून हात सोडवावासा वाटला नाही.