बनाबाईंची सात भांडी

प्रिय माया,

सलाम. तुझा गुडघा आणि नानासोंचं ब्लडप्रेशर, दोन्ही जागेवर असतील असं धरून चालते. नसतील तरी आधी हे वाच, कारण आज सहानुभूतीची गरज मला आहे. (फोन केला नाही. फोनवर तू हसतेस.)

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये बनाबाई नावाची म्हातारी राहायला आली. जतकडची, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेली माणसं. मुलगा ट्रकवर, आठ-आठ दिवस घराबाहेर. तिसऱ्याच दिवशी वाटी घेऊन माझ्या दारात. "आवं बाई, हुलग्याचं माडगं हाय. ऊन ऊन प्या." ओळख ना पाळख, आणि माडगं. मी बँकेत तेहतीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या आहेत. फुकट देणाऱ्याचा दुसरा हात मी आधी बघते. (दुसऱ्या हातात चटणी होती.) चमचाभर चाखून तासभर घड्याळाकडे बघत बसले. मेले नाही, म्हणून उरलेलं संपवलं. मग रोज काहीतरी यायला लागलं, कधी वाटीत, कधी पेल्यात. वाटलं, आता वायफाय मागेल, नाहीतर मोबाईलवर येणारा तो सहा आकडी नंबर. तिनं काहीच मागितलं नाही, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

आता आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे जसं तुझ्या घरी तसंच माझ्या. पण घालायचं काय? लग्न झाल्यापासून स्वयंपाक आमचे चांदसाहेबच करायचे. ते गेल्यापासून मी ब्रेडवर आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आपल्याला रुमालावर गुलाब काढायला शिकवले, तेवढंच माझं गृहकौशल्य. शिवाय दुसरीही एक भीती होती. ऑफिसात माझा डबा उघडला की काही जणींना अचानक आपले उपास आठवायचे, हे तुला सांगितलंय मी. ही तर गळ्यात माळ घातलेली. माझ्या हातचं तिनं तसंच परत केलं तर? म्हणून मी भांडी परतच केली नाहीत. घासून ओट्यावर ओळीनं मांडली. सात झाली.

मंगळवारी काही आलं नाही. बुधवारीही नाही. म्हटलं, डाव बदललेला दिसतोय. गुरुवारी दुपारी तिच्या दाराला कान लावला (वॉचमनला सांगितलं, वाळवी शोधतेय) तर आतून कण्हणं ऐकू आलं. तीन वेळा बेलपर्यंत हात नेला आणि तीनदा घरात परतले. मग तांदळाची पेज शिजवली, आयुष्यातली पहिली, आणि गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

चटईवर तापानं फणफणलेली बनाबाई, उशाशी पातेल्याचं झाकण. त्यातून पाणी पीत होती. घरात ना वाटी ना पेला. सगळं माझ्या ओट्यावर चमकत होतं. माया, मी पेज पुढे केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तिनं एक घोट घेतला आणि थांबली. मनातल्या मनात मी घरी पोचलेसुद्धा.

"बाई, मीठ न्हाई वं ह्यात."

"विसरले."

"आसू दे. उद्या घाला."

बघितलंस? उद्याचंही ठरवून टाकलं. मी म्हणतच होते, या बाईला काहीतरी हवंय. रिक्षानं डॉक्टरकडे नेऊन आणलं, आता ताप उतरलाय. मला दयाळू वगैरे म्हणू नकोस. मी फक्त पाळत ठेवून आहे, सकाळ-संध्याकाळ, पेज घेऊन.

तुझी,
रशीदा

ता. क. तुझ्या गव्हाच्या खिरीची कृती लगेच पाठव, सहा भांड्यांपुरती. गूळ किती ते आकड्यात लिही. 'अंदाजानं' लिहिलंस तर आपली मैत्री संपली.

आणखी एक. सातवं भांडं, ती कडेला चेपलेली वाटी, मी परत देणार नाही. ती मागायला तिला यावं लागेल.